‘पूर्वी विचारलेला’ प्रश्न

अलीकडे बऱ्याच शाळांच्या व्हरांड्यात एक लाकडी किंवा पुठ्ठ्याची पेटी टांगलेली दिसते. तिच्यावर ‘प्रश्नपेटी’ अशी अक्षरे असतात आणि मनात येणारा विज्ञानाचा प्रश्न मुलांनी चिठ्ठीवर लिहून तीत टाकावा अशी अपेक्षा असते. उपक्रम चांगलाच आहे. काही शाळांचे शिक्षक या चिठ्ठ्यांचा गठ्ठा महिना-दोन महिन्यांनी आमच्याकडे पाठवतात आणि आम्ही जमेल तशी उत्तरे लिहून परत करतो. या लेखात टीका करायची आहे ती पेटीवर नव्हे, तर पेटीबरोबर आलेल्या नियमांवर. त्यांतला एक नियम मूळचा आमचाच, तेव्हा ही टीका आमच्यापासूनच सुरू होते हे आधी सांगितलेले बरे.

एका शाळेची नियमावली आमच्यासमोर आहे. चार कलमे आहेत. एका चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहावा. प्रश्न वैज्ञानिक असावा. महिन्यातील सर्वोत्तम प्रश्नाला बक्षीस मिळेल. आणि चौथे कलम असे, की पूर्वी विचारलेला प्रश्न स्वीकारला जाणार नाही. हे चौथे कलम आम्हीच सुचवले होते. ‘आकाश निळे का?’ या प्रश्नाला तेच ते उत्तर लिहून आम्ही कंटाळलो होतो, आणि तशा चिठ्ठ्या तिकडेच गाळून पाठवाव्यात असे आम्ही शाळेला कळवले होते. शाळेने ते मनावर घेतले आणि ‘पूर्वी विचारलेला’ असा एक रबरी शिक्काच करून घेतला.

पुढे एकदा गाळलेल्या चिठ्ठ्यांचे पाकीट चुकून आमच्या गठ्ठ्यात आले. चाळत असताना सातवीतल्या एका मुलीची चिठ्ठी हाती लागली. नाव नव्हते, फक्त इयत्ता होती. ‘आमच्या घरी माठ आहे. उन्हाळ्यात पाणी खूप गार होते. पावसाळ्यात बाहेर गारवा असतो तरी माठातले पाणी गार लागत नाही. असे का?’ वर शिक्का होता, ‘पूर्वी विचारलेला’. त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, ‘माठातले पाणी गार का होते – मागील वर्ष, उत्तर दिले आहे’.

मागील वर्षीचे ते उत्तर आमचेच होते. माठाला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून पाणी झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते, बाष्पीभवनाला लागणारी उष्णता माठातील पाण्यातून घेतली जाते आणि पाणी गार होते. यात एकही वाक्य चूक नाही. पण या मुलीच्या प्रश्नाला ते उत्तर पुरत नाही, कारण छिद्रे पावसाळ्यातही तीच असतात. तिने आमच्या उत्तरातली उणीव नेमकी पकडली होती, आणि त्याबद्दल तिला शिक्का मिळाला होता.

तिचा प्रश्न थोडा उलगडून पाहू. साधारण ३० ते ४० अंश सेल्सिअस तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे उष्णता बाहेरून येत नसेल, तर १ ग्रॅम पाणी उडून गेले की उरलेल्या ५८० ग्रॅमचे तापमान जवळजवळ १ अंशाने उतरेल. पण पाणी उडायला हवेत वाव हवा. हवा जितकी दमट, तितके बाष्पीभवन मंद. बाष्पीभवनाने तापमान किती खाली जाऊ शकेल याला मर्यादा आहे आणि ती साध्या उपकरणाने मोजता येते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला, की तो ज्या अंकावर स्थिरावतो तीच ती मर्यादा. हवा ४० अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर तो साडेअठ्ठावीसच्या आसपासच थांबतो. पहिल्या दिवशी माठाला १७ अंश खाली उतरायची मुभा आहे, तर दुसऱ्या दिवशी जेमतेम दीड अंश. प्रत्यक्षात माठ या मर्यादेपर्यंतही पोचत नाही, कारण भोवतालची उष्णता त्यात सतत शिरत असते. नागपूरला मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कुलर खोली गार करतो आणि मुंबईत तोच कुलर नुसता ओलसर वारा देतो, त्याचेही कारण हेच. म्हणजे एका चिठ्ठीत आर्द्रतेचा अख्खा धडा होता. ‘गार का होते?’ या प्रश्नात तो नव्हता, ‘गार का होत नाही?’ यात होता.

येथे आपली पहिली चूक दिसते. प्रश्न पुन्हा आला की नाही हे आपण शब्दांवरून ठरवतो. माठ, पाणी, गार हे तीन शब्द जुळले की शिक्का बसतो. पण शब्द सारखे म्हणजे प्रश्न सारखा असे नाही. आकाशाचेच पाहा. ‘आकाश निळे का?’, ‘आकाश निळे, तर ढग पांढरे का?’, ‘निळ्यापेक्षा जांभळा प्रकाश जास्त विखुरतो, तर आकाश जांभळे का नाही?’ आणि ‘चंद्रावरून आकाश काळे का दिसते?’ या चारही चिठ्ठ्या एकाच खणात टाकल्या जातात. पहिलीचे उत्तर असे की हवेचे रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश फार जास्त विखुरतात. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाच्या चौपटीहून अधिक विखुरला जातो. दुसरीचे उत्तर वेगळे. ढगातले थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने कितीतरी मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. तिसरीसाठी सूर्यप्रकाशातील जांभळ्याचे कमी प्रमाण आणि आपल्या डोळ्याची जांभळ्याला असलेली अल्प संवेदनशीलता यांकडे जावे लागते. चौथीत तर विखुरणारे वातावरणच नाही. चार चिठ्ठ्या, चार प्रश्न, आणि तिसरी चिठ्ठी लिहिणाऱ्याने पहिलीचे उत्तर वाचून, पचवून पुढचे पाऊल टाकलेले आहे. तिच्यावर ‘पूर्वी विचारलेला’ असा शिक्का मारणे म्हणजे दुसरी पायरी चढणाऱ्याला ‘जिना पूर्वी चढून झाला आहे’ असे सांगणे होय.

उलट, ज्या चिठ्ठ्या खरोखर एकच प्रश्न विचारतात त्या आपल्या नजरेतून निसटतात, कारण त्यांचे शब्द वेगळे असतात. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम का येतो? थंडीत बोलताना तोंडातून धूर का निघतो? गरम चहाचा कप तोंडाशी नेला की चष्मा धुरकट का होतो? पहाटे गवतावर दव कोठून येते? चारही ठिकाणी घडते ते एकच. हवेतली वाफ दवबिंदूच्या खाली थंड होते आणि तिचे पाणी होते. नियमावलीप्रमाणे हे चार नवे प्रश्न आहेत. विज्ञानाच्या दृष्टीने हा एकच प्रश्न आहे, आणि तो एकच आहे हे मुलाला स्वतःला उमगणे हे कोणत्याही लेखी उत्तराहून मोलाचे आहे. मग ही गाळणी कोणाच्या हाती असावी? आमच्या मते मुलांच्याच. महिन्याच्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडून ‘यांतल्या कोणत्या चिठ्ठ्या एकमेकींच्या बहिणी आहेत?’ असे वर्गाला विचारून पाहावे. त्या तासाला जो वाद होईल, तोच तास विज्ञानाचा.

आता खरोखरच शब्दशः पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नाकडे वळू. तो निरुपयोगी आहे काय? आमचे मत आता असे झाले आहे, की तो प्रश्न म्हणजे आपल्या उत्तरांवरचा शेरा आहे. ‘सूर्य उन्हाळ्यात जवळ येतो का?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर असते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. उन्हाळा-हिवाळा होतो तो आसाच्या सुमारे साडेतेवीस अंशांच्या कलण्यामुळे. हे आम्ही कितीदा तरी लिहिले. तरी प्रश्न येत राहिला. उत्तर दिले असूनही प्रश्न येत असेल तर दोष मुलांच्या स्मरणशक्तीत शोधू नये. ऋतूंच्या पाठातली जी आकृती आपण फळ्यावर काढतो ती पाहावी. पृथ्वीची कक्षा आपण तिरकस नजरेने दिसेल तशी, चांगली लांबट काढतो. ती तिरकी आहे हे काढणाऱ्याला ठाऊक असते, पाहणाऱ्याला नाही. कक्षा प्रमाणात काढायची, तर १० सेंटिमीटर लांबीच्या आकृतीत रुंदी केवळ मिलिमीटरच्या सत्तराव्या भागाइतकी कमी भरेल. पेन्सिलीच्या रेघेची जाडी याहून कितीतरी जास्त असते. म्हणजे डोळ्याला कक्षा वर्तुळच दिसेल. मुलगा चित्रावर विश्वास ठेवतो आणि चित्र सांगते की सूर्य कधी जवळ तर कधी खूप दूर असतो. पुन्हा आलेली चिठ्ठी त्या चित्राकडे बोट दाखवत होती. चिठ्ठ्या गाळल्या असत्या तर बोटही दिसले नसते.

प्रश्नाचा दर्जा आणि पुनरावृत्ती या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या तर टांझानियातील एरास्टो म्पेम्बा याच्या गोष्टीइतके चांगले उदाहरण नाही. १९६३ साली हा मुलगा माध्यमिक शाळेत शिकत होता. मुले दूध उकळून, साखर घालून, ते निववून फ्रीजमध्ये आइस्क्रीम करत. एकदा जागा जाईल या घाईने त्याने गरम दूध तसेच आत ठेवले. दीड तासाने पाहतो तर त्याचे दूध गोठलेले, आणि दूध न उकळताच ठेवणाऱ्या दुसऱ्या मुलाचे अजून पातळच. शिक्षकांना विचारले, तेव्हा तुझी काहीतरी गफलत झाली असेल असे उत्तर मिळाले. पुढे वरच्या शाळेत त्याने पुन्हा विचारले, तेव्हा हे जगाचे भौतिकशास्त्र नाही, हे म्पेम्बाचे भौतिकशास्त्र आहे, अशी थट्टा झाली आणि वर्गात तो थट्टेचा विषय बनला. नंतर दार-एस-सलाम येथील प्राध्यापक डेनिस ऑस्बॉर्न शाळेत व्याख्यानाला आले असता त्याने तिसऱ्यांदा विचारले. ऑस्बॉर्न यांनाही ते खरे वाटले नाही, पण त्यांनी प्रयोग करून पाहण्याचे कबूल केले. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने कळवले, की गरम पाणीच आधी गोठले, पण योग्य उत्तर येईपर्यंत प्रयोग पुन्हा करत राहू! १९६९ साली दोघांच्या नावाने शोधलेख प्रसिद्ध झाला.

या गोष्टीत आम्हाला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे म्पेम्बाचा प्रश्न नवा नव्हता. अ‍ॅरिस्टॉटल, फ्रान्सिस बेकन आणि देकार्त यांनी अशाच निरीक्षणाचा उल्लेख केलेला आहे, आणि त्याच १९६९ साली कॅनडातील जॉर्ज केल यांनीही याच विषयावर स्वतंत्रपणे लिहिले. आपल्या नियमावलीत हा प्रश्न सुमारे दोन हजार वर्षे ‘पूर्वी विचारलेला’ ठरला असता. दुसरी गोष्ट प्रश्नाच्या घडणीची. ऑस्बॉर्न यांच्यापुढे उभा राहिलेला म्पेम्बा नुसते ‘गरम पाणी आधी का गोठते?’ असे म्हणाला नाही. सारखी भांडी, दोन्हींत पाणी सारखेच, एकातले ३५ अंशांवर आणि दुसऱ्यातले १०० अंशांवर, दोन्ही एकाच वेळी फ्रीजमध्ये, असे सगळे त्याने मांडले. एवढे ऐकल्यावर ऐकणाऱ्याला प्रयोग करण्याखेरीज गत्यंतर उरत नाही. पण त्याला ही घडण कोणत्या नियमावलीने दिली नाही. दोनदा अविश्वास वाट्याला आल्यावर त्याने प्रश्न घासून घासून तसा केला. तो हट्टी होता म्हणून ते साधले. जो मुलगा हट्टी नसतो त्याचा प्रश्न पहिल्याच थट्टेत संपतो.

पुढचेही सांगितले पाहिजे. २०१६ साली बरिज आणि लिंडेन या दोघांनी काळजीपूर्वक मोजमापे करून दाखवले, की पाण्याच्या बाबतीत या परिणामाचा खात्रीलायक पुरावा सापडत नाही. तापमापक भांड्यात किंचित वर-खाली असला तरी निकाल फिरू शकतो. आणि २०२० साली कॅनडात अविनाश कुमार आणि जॉन बेकहोफर यांनी पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणाच्या एका वेगळ्या प्रणालीत अशा प्रकारचा परिणाम स्पष्टपणे दाखवला. उत्तर अजून पुरते मिटलेले नाही. प्रश्न चांगला होता याला हेही एक प्रमाण.

मग प्रश्नाचा दर्जा वाढवायचा कसा? बक्षिसाने तो वाढत नाही असा आमचा अनुभव आहे. बक्षीस लावले की मुले मार्गदर्शिकेतून आणि आता मोबाइलवरून भारदस्त प्रश्न उतरवून आणतात. ‘कृष्णविवराच्या आत काय असते?’ ही चिठ्ठी जिंकते आणि माठाची चिठ्ठी शिक्का खाते. परीक्षक प्रश्नाचा विषय पाहतात, प्रश्नामागचे पाहणे पाहत नाहीत.

आपल्याकडे याहून चांगले नमुने झालेले आहेत. मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याच्या नावाने पत्रे लिहीत आणि त्यांना पत्राने उत्तरे जात. हा कार्यक्रम २००२ साली शासनाने बंद केला, पण सवालीराम अनेकांच्या लक्षात राहिला. डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. या दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. उत्तर प्रश्नाला नव्हे, विचारणाऱ्याला जाते. तोच प्रश्न दुसऱ्या मुलाने विचारला तर पत्ता बदलतो, म्हणून प्रश्नही नवाच असतो. शिवाय पोस्टकार्डावर जागा थोडी, त्यामुळे नेमके लिहावे लागते. कोणी नियम सांगावा लागत नाही.

यावर शिक्षक म्हणतील, आणि रास्तपणे म्हणतील, की पत्रे लिहायला आम्हाला वेळ कोठे आहे? साठ मुलांचा वर्ग, आठवड्याचे मोजके तास, अपुरा राहिलेला अभ्यासक्रम. पुनरावृत्तीला काही आवर घातला नाही तर पेटीच बंद पडेल. हे मान्य. आवर हवाच. पण तो दारावर नको, आत हवा. आम्ही आता शाळांना पुढीलप्रमाणे सुचवतो.

पेटीशेजारी एक जाड प्रश्नवही टांगावी. आलेला प्रत्येक प्रश्न आणि त्याचे उत्तर तीत विषयवार उतरवावे, आणि उतरवण्याचे काम मुलांनी आळीपाळीने करावे. प्रश्न वहीत आधीच असेल तर चिठ्ठीवर शिक्का न मारता एवढेच लिहून ती परत द्यावी: ‘पान अमुक पाहा. वाचून काय उरले ते लिही.’ ज्याचे समाधान झाले तो थांबेल, आणि पुनरावृत्ती आपोआप कमी होईल. ज्याचे झाले नाही त्याची दुसरी चिठ्ठी पहिलीपेक्षा चांगली येईल. माठाच्या मुलीला एवढे एक वाक्य मिळायला हवे होते. एकाच पानाकडे वारंवार चिठ्ठ्या परत जात असतील, तर ते पान शिक्षकांनी किंवा आमच्यासारख्यांनी नव्याने लिहावे.

चिठ्ठी मात्र कशीही असली तरी घ्यावी. काय पाहिले, काय होईल असे वाटले होते, काय करून पाहिले, ही तीन वाक्ये प्रश्नाला धार आणतात यात शंका नाही. पण ती छापील नमुन्यातल्या सक्तीच्या रकान्यांत बसवली, की लाजरे मूल रकाने पाहूनच परत फिरते. ती तीन वाक्ये चिठ्ठी हाती आल्यावर, मधल्या सुट्टीत, बोलता बोलता काढून घ्यावीत. ‘का’ विचारणाऱ्या मुलाला ‘केव्हा? किती? नेहमीच का?’ असे उलट विचारावे. तेवढ्याने ‘माठ गार का?’ याचा ‘माठ कोणत्या महिन्यात किती गार?’ असा प्रश्न होतो आणि वर्गाला दोन तापमापक, ओले फडके आणि वर्षभराचे काम मिळते.

त्या मुलीला आम्ही सविस्तर उत्तर लिहिले आणि शाळेकडे पाठवले. चूक आमची होती हेही त्यात लिहिले. पण चिठ्ठीवर नाव नव्हते आणि तोपर्यंत वर्ष उलटून सातवीची तुकडी पुढे गेली होती. ते पत्र तिला मिळाले की नाही हे शाळेलाही सांगता आले नाही. त्यानंतरच्या गठ्ठ्यांत आम्ही ते अक्षर शोधत असतो. अजून सापडलेले नाही. शिक्का मात्र शाळेने आमच्या विनंतीवरून बंद केला आहे, आणि गाळलेल्या चिठ्ठ्यांचे पाकीट आता गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवलेले येते. आम्ही तेच आधी उघडतो.